हाँगकाँगचे महागडे पोलीसपट: पैसा दिसतो कुठे, पटकथा गळते कुठे

रीळवाला

रसभंगाचा इशारा आधीच देतो. खाली शेवट उघड होणार आहेत. 'इन्फर्नल अफेअर्स' आणि 'ड्रग वॉर' ज्यांचे राहिलेत त्यांनी ते उरकून मग या धाग्यावर यावं.

हाँगकाँगच्या पोलीस-गुंड सिनेमांत खरा पैसा आला तो २००४ पासून. त्या वर्षी १ जानेवारीला मुख्य भूमीशी, म्हणजे चीनशी, झालेला सेपा हा व्यापार करार लागू झाला. चिनी कंपनीबरोबर सहनिर्मिती केली की हाँगकाँगचा सिनेमा चीनमध्ये परदेशी धरला जात नाही. परदेशी सिनेमांचं तिथे काय होतं ते बघा: उत्पन्नात वाटा मिळणारे सिनेमे वर्षाला २०, २०१२ पासून ३४, आणि निर्मात्याच्या हाती तिकीटबारीचे २५ टक्के. सहनिर्मितीला ना कोटा, शिवाय वाटाही जास्त. सत्तर-पंच्याहत्तर लाख वस्तीच्या शहरावर गुजराण करणाऱ्या धंद्याला एकदम एकशेतीस कोटींचा बाजार मिळाला.

त्यातून काय काय उभं राहिलं? 'शॉक वेव्ह' (२०१७) साठी बंदराखालच्या बोगद्याची मूळ मापाची प्रतिकृती. 'द व्हाइट स्टॉर्म २' (२०१९) मध्ये दोन गाड्या मेट्रोच्या सेंट्रल स्टेशनात घुसतात, तर तेही स्टेशन मूळ मापात. 'द गोल्डफिंगर' (२०२३) चं बजेट ३५ कोटी हाँगकाँग डॉलर.

हे सगळं बघायला मजा येते, खोटं कशाला बोला. पण बाहेर पडल्यावर त्यातला एखादा प्रसंग नीट क्रमाने सांगता येतो का? 'हार्ड बॉइल्ड' (१९९२) चा येतो, 'शॉक वेव्ह'चा मोठ्या मुश्किलीने. माझं म्हणणं असं की पैसा जास्त झाला हे दुखणं नाही, तो चुकीच्या जागी जातो हे आहे. "जुनं ते सोनं" छापाचे प्रतिसाद नकोत, तपशिलात बोला.

स्टंटशास्त्री

गोळीबारापासून सुरुवात करतो, कारण फरक तिथे लगेच कळतो.

जुन्या पद्धतीत बंदुकीत ब्लँक काडतूस (दारू असते, गोळी नसते) आणि अंगावर स्क्विब. स्क्विब म्हणजे छोटा स्फोटक दाणा, त्यावर नकली रक्ताची पिशवी, आणि आत नटाच्या अंगाला लागू नये म्हणून फोम लावलेली पट्टी. सदऱ्याचं कापड त्या जागी आतून घासून पातळ करतात, नाहीतर स्फोट होतो आणि कापड फाटतच नाही, नुसतं फुगतं. वायर पॅंटच्या आतून खाली. एक गोळी म्हणजे एक स्क्विब. टेक बिघडला की नवा सदरा, नवी जोडणी, भिंतीवरचं रक्त पुसणं, आणि त्यात अर्धा तास सहज जातो. म्हणून प्रत्येक मरणाऱ्या गुंडाचे तीन-चार सारखे कपडे शिवून ठेवावे लागतात.

आता बहुतेक ठिकाणी गॅसवर चालणारी एअरसॉफ्ट, म्हणजे खेळण्यातली, बंदूक असते. स्लाइड मागे जाते, पण ज्वाला नाही आणि उडणारं टरफल नाही. दोन्ही नंतर संगणकावर चिकटवतात. रक्तही तसंच. पुसापुशी नाही, सुरक्षित आहे, दिवसाला दुप्पट शॉट निघतात. त्याला माझा विरोध नाही. चूक होते ती चिकटवण्यात:

एक, ज्वाला दिसते पण तिचा उजेड नटाच्या गालावर किंवा शेजारच्या भिंतीवर पडत नाही. दोन, प्रत्येक गोळीला ज्वाला दाखवतात. कॅमेरा २४ फ्रेमवर असताना शटर साधारण १/४८ सेकंद उघडं आणि तितकाच वेळ बंद असतं. खरी ज्वाला काही मिलिसेकंदांची, त्यामुळे खऱ्या ब्लँकमध्ये काही गोळ्यांची ज्वाला कॅमेऱ्याला सापडतच नाही. तो अनियमितपणा डोळ्यांना खरा वाटतो. तीन, रक्ताचा फवारा हवेत उडतो आणि मागच्या भिंतीवर ठिपकासुद्धा नाही.

यातलं पहिलं दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. सेटवर बंदुकीच्या तालावर लुकलुकणारा छोटा एलईडी दिवा ठेवला तरी भागतं. ते करायला चित्रीकरणाच्या दिवशी कुणीतरी विचार केलेला असावा लागतो, एवढंच.

कात्री

स्टंटशास्त्रींशी सहमत, पण गोळ्यांपेक्षा मोठी गोष्ट संकलनाची आहे.

हाँगकाँगची मूळ रीत अशी की मारामारीचा मास्टर शॉट, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खा प्रसंग एकत्र, घ्यायचाच नाही. हॉलिवूडमध्ये अख्खी मारामारी तीन-चार कॅमेऱ्यांनी परत परत घेतात आणि संकलक नंतर तुकडे निवडतो. हाँगकाँगात अॅक्शन दिग्दर्शक तुकड्या-तुकड्याने घेतो: तीन हालचाली, कॅमेरा नेमका त्याच तीन हालचालींसाठी लावलेला, मग पुढचा तुकडा. संकलन त्याच्या डोक्यात आधीच झालेलं असतं. लय ठरलेली असते: थांब, फटका, थांब. तो थांबाच फटक्याला वजन देतो. वेग थोडा वाढवायचा असेल तर कॅमेरा २४ ऐवजी २२ फ्रेमवर चालवायचा, दाखवताना हालचाल नऊ टक्के वेगवान होते आणि पटकन कळत नाही. २० वर नेलं की वीस टक्के, आणि मग पाठीमागून जाणारा फेरीवालासुद्धा दुडूदुडू पळायला लागतो.

मोठ्या बजेटमध्ये काय झालं? पाच-सहा कॅमेरे परवडू लागले. मग सगळे लावले. त्यातला एकही कॅमेरा नेमक्या हालचालीसाठी लावलेला नसतो, सगळे "काहीतरी मिळेल" म्हणून असतात. संकलकाकडे तासन्‌तास फुटेज येतं आणि तो सेकंदाला एक काप मारत सुटतो. कोण कुठे उभा आहे हेच कळत नाही.

'हार्ड बॉइल्ड'च्या इस्पितळातला तो अखंड टेक आठवा. साधारण २ मिनिटं ४० सेकंद. दोघं नायक एका मजल्यावर गोळीबार करत लिफ्टमध्ये शिरतात, दार बंद होतं, थोडं बोलतात, दार उघडतं तर दुसरा मजला. लिफ्ट जागची हललेलीच नाही. दार बंद असताना वीसेक सेकंदांत बाहेरच्या लोकांनी तोच कॉरिडॉर आवरून, सजवून दुसरा मजला केला. यात खर्च कशाचा? तालमीचा आणि माणसांच्या शिस्तीचा. सेट एकच.

डोंबिवली_लोकल

सगळं खापर कॅमेऱ्यावर नको. खरी गळती सेन्सॉरपाशी आहे.

हाँगकाँगात १९८८ पासून सिनेमांचे वर्ग आहेत, तिसरा वर्ग फक्त अठरा वर्षांवरच्यांना. चीनमध्ये वर्गवारीच नाही. जो सिनेमा लागेल तो लहान पोरासकट सगळ्यांना चालला पाहिजे. सहनिर्मिती असेल तर पटकथाच आधी मंजुरीला जाते. याचे परिणाम धंदा कळणारा कोणीही मोजून दाखवेल. गुन्हेगार सुटत नाही. मुख्य भूमीचा पोलीस वाकडा नसतो. भ्रष्ट पोलीस हवाच असेल तर कथा ब्रिटिश राजवटीत ढकलायची, 'चेझिंग द ड्रॅगन' (२०१७) बघा, तिथे सगळ्या पापाचा धनी गोरा अधिकारी. आणि शेवटी काळ्या पडद्यावर पाटी: अमक्याला इतकी वर्षं.

'इन्फर्नल अफेअर्स' (२००२) सेपाच्या आधीचा, म्हणून त्याचे दोन शेवट निघाले. मूळ शेवटात पोलिसात घुसलेला गुंड लिफ्टमधून बाहेर येतो आणि पोलीस म्हणूनच जगत राहतो. त्याला कोणी पकडत नाही, हीच त्याची शिक्षा. मुख्य भूमीच्या शेवटात लिफ्टमधून बाहेर येताच त्याला अटक. दोन मिनिटांच्या बदलाने १०१ मिनिटांचा सिनेमा उलटा होतो. नंतर दोन शेवट काढायचीही गरज उरली नाही, लिहितानाच दुसरा लिहायला लागले.

आता प्रेक्षकाला शेवट पहिल्या रिळातच ठाऊक असेल तर ताण कुठून आणणार? मग स्टेशन बांधा आणि गाडी घुसवा.

रीळवाला

@डोंबिवली_लोकल, पटलं, पण मग 'ड्रग वॉर' (२०१२) चं काय करायचं? दिग्दर्शक जॉनी टो, चित्रीकरण मुख्य भूमीवर, नियम तेच. चिनी कायद्यात ५० ग्रॅमपासून पुढे मेथअँफेटामिन बनवलं किंवा विकलं तर फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. टोने तो नियमच कथेचं इंजिन केलं. पकडलेला उत्पादक जीव वाचवण्यासाठी आपल्या साथीदारांना एकेक करून विकतो. शेवट प्रेक्षकाला माहीत आहे, त्या माणसालाही माहीत आहे, आणि तरीही तो धडपडतो. ताण "काय होणार" यात नाही, "आणखी किती जणांना घेऊन बुडणार" यात आहे.

तिथला हॉटेलातला प्रसंग कोणत्याही पटकथालेखकाने वहीत उतरवून घ्यावा. पोलीस कप्तान आधी एका तस्कराला भेटतो, दुसरा तस्कर बनून. लगेच नंतर त्या दुसऱ्याला भेटतो, पहिला तस्कर बनून. पहिल्याचं खदाखदा हसणं, बोलण्याची ढब, सगळं तेवढ्या वेळात उचललेलं. खर्च म्हणाल तर दोन खोल्या आणि चार नट. आणि शेवटी शाळेसमोर पोलिसांचं पथक जवळजवळ सगळं मरतं, कप्तान मरता मरता आरोपीच्या पायात बेडी अडकवतो. सेन्सॉरने हे चालवून घेतलं.

अप्पा_कोथरूड

सेन्सॉर, कॅमेरे वगैरे ठीक. मूळ रोग तारखांचा.

दोन मोठे तारे एका पोस्टरवर असले की पैसा आधी त्यांना जातो, आणि दोघांच्या तारखा जुळत नाहीत. ओळखायची खूण सांगतो. समोरासमोरच्या प्रसंगात खांद्यावरून घेतलेले शॉट बघा. पाठमोरा माणूस एकदाही मान वळवत नसेल, केस कानाच्या मागे जरा वेगळे कापलेले असतील, तर तो डमी. असे तीन प्रसंग सलग आले की समजावं, दोघं एका दिवशी सेटवर नव्हतेच. मग त्यांची दुश्मनी कुठून पेटणार हो? फोनवरून धमक्या, आणि शेवटी एकदा समोरासमोर.

उलट उदाहरण 'कोल्ड वॉर' (२०१२). पोलिसांची व्हॅन पाच जणांसकट गायब होते, आयुक्त परदेशात, आणि दोन उपायुक्त भांडतात ते "मोहिमेचा प्रमुख कोण" यावरून. अर्धा सिनेमा मीटिंगच्या खोलीत. पण कुणाला काय आदेश द्यायचा अधिकार आहे, सही कोणाची चालेल, हे इतकं काटेकोर की गोळी न सुटता घाम फुटतो. दुसऱ्या भागात (२०१६) 'हार्ड बॉइल्ड'च्या नायकाला, चाऊ युन-फॅटला आणलं, माणसं वाढली आणि ती काटेकोर रचना सैल झाली.

कात्री

अप्पा, डमीची खूण बरोबर, पण दर वेळी तारखाच कारण नसतात. फोकस आणि प्रकाश बसवायला डमी उभा करतात आणि क्लोजच्या वेळी समोरचा तारा व्हॅनिटीत जातो, हेही खूप चालतं. परिणाम तोच, नट हवेशी बोलतो.

स्टंटशास्त्री

आता 'द व्हाइट स्टॉर्म २' मधल्या त्या मेट्रो स्टेशनाबद्दल, कारण तिथे रीळवाल्यांचा मुद्दा सगळ्यात स्पष्ट होतो.

गाडी उलटवायच्या दोन रूढ पद्धती. पाइप रॅम्प: एका बाजूची चाकं नळीवर चढतात, गाडी कलंडते. त्याला धावायला सरळ लांब रस्ता लागतो. दुसरी नायट्रोजनची तोफ: गाडीच्या पोटात दाबाखालचा दट्ट्या, बटण दाबलं की तो जमिनीला ढकलतो आणि गाडी उलटते. दोन्हींना वर मोकळी जागा हवी. स्टेशनात छत खाली, दर काही मीटरवर खांब, आणि फरशी गुळगुळीत, टायरला पकड नाही. म्हणजे गाडीने करायच्या गोष्टी उरतात तीन: पायऱ्या उतरणं, घसरणं, काचा फोडणं. पायऱ्यांसाठी सस्पेन्शन कडक करतात, इंजिनाच्या तळाला जाड पत्रा लावतात, मूळ टाकी काढून चार-पाच लिटरची सुरक्षित टाकी बसवतात. हे सगळं करून पडद्यावर मिळतं काय, तर दोन-तीन मिनिटं, तीच तीन कामं पुन्हा पुन्हा.

खऱ्या स्टेशनात परवानगी मिळणार नाही, म्हणून सेट बांधला, इथवर ठीक. पण एवढं बांधल्यावर त्यात कथेचं काय घडतं? अब्जाधीश नायक आणि ड्रगवाला खलनायक दोघंही तिथे येतात, कारण सेट तिथे आहे.

झुंबर

मी 'द रेड' (२०११) आणते मध्ये, कारण तो या वादाचा दुसरा काटा आहे. इंडोनेशिया, दिग्दर्शक वेल्सचा गॅरेथ एव्हान्स, बजेट सुमारे ११ लाख अमेरिकी डॉलर. एक इमारत, त्यात अडकलेलं पोलीस पथक. कोणता मजला, कोणतं दार, दाराबाहेर किती जण, हे प्रत्येक क्षणी माहीत. खोलीत फ्रिज आहे, गॅसचं सिलिंडर आहे, हे आधी दिसतं. मग त्याच दोन वस्तूंचा बॉम्ब होतो. जागेतली वस्तू वापरणं म्हणतात ते हे.

दुसरा भाग (२०१४) ४५ लाख डॉलरचा आणि १५० मिनिटांचा. करामती अचाट: गाडीच्या पाठलागात कॅमेरा एका गाडीतून आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर जातो, त्यासाठी एक कॅमेरामन चक्क गाडीच्या सीटच्या वेशात बसवला होता. शेवटची स्वयंपाकघरातली लढत पेन्चाक सिलात या तिथल्या युद्धकलेचा धडाच आहे. पण मधल्या घराणेशाहीत, बाप-लेकाच्या रुसव्याफुगव्यात, तास जातो. म्हणजे चौपट पैसे आले आणि लगेच "महाकथा" करायची हौस आली. हा आजार हाँगकाँगपुरता नाही.

डोंबिवली_लोकल

झुंबर, +१. याच रांगेत आपल्याकडचं उदाहरण: कोरियाचा 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' (२०१०) आणि त्यावरून निशिकांत कामत यांनी गोव्यात घडवलेला 'रॉकी हँडसम' (२०१६). कामत म्हणजे 'डोंबिवली फास्ट' (२००५) चे, तेव्हा माणसाच्या मनातला कढ कसा वाढवायचा हे त्यांना शिकवायला नको होतं. मारामाऱ्याही उतरवल्यात मनापासून. तरी मूळ सिनेमा जास्त लागतो. मुळात नायक बोलतच नाही, आणि शेवटच्या सुऱ्यांच्या झुंजीपर्यंत त्याने किती सहन केलंय याचा हिशोब चुकत नाही. इथे गाणी आणि भूतकाळाचे तुकडे मध्ये येतात, दाब दर वीस मिनिटांनी सुटतो. सुऱ्यांच्या झुंजीत अंतर हातभर असतं, प्रेक्षकाचा श्वास आधीपासून कोंडलेला नसेल तर ते नुसतं हातवारे वाटतात.

अप्पा_कोथरूड

आणि 'राधे' (२०२१)? तोही कोरियन 'द आउटलॉज' (२०१७) वरूनच. त्याबद्दल मौन पाळतो.

रीळवाला

:) अप्पांचं मौन नोंदवलं आहे.

मोठा पैसा बरोबर जागी गेल्याचं उदाहरण देतो: 'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स: वॉल्ड इन' (२०२४). सुमारे ३० कोटी हाँगकाँग डॉलर, दिग्दर्शक सोई चियांग, अॅक्शन केन्जी तानिगाकीचं. पैसा गेला कोवलून वॉल्ड सिटी ही हाँगकाँगची दाटीवाटीची वस्ती उभी करण्यात. ती खरी वस्ती पावणेतीन हेक्टरांची, १९८७ च्या मोजणीत ३३,००० माणसं, शेजारी 'काय ताक' नावाचा विमानतळ, म्हणून इमारती चौदा मजल्यांपर्यंतच. १९९३-९४ मध्ये पाडली. परवानगीचा प्रश्नच नाही, जागाच उरलेली नाही, त्यामुळे सेट बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

फरक असा की हा सेट एका धडकेसाठी नाही, अख्खा सिनेमा त्यात राहतो. न्हाव्याचं दुकान, मासळीचे गोळे करणारे, बिनपरवान्याचे दातांचे डॉक्टर, सगळं आधी दाखवलं जातं. गल्ली एवढी अरुंद की दोन माणसं खांद्याला खांदा लावून जाऊ शकत नाहीत. म्हणून मारामारी आडवी न होता उभी होते: माणसं पाइप धरून चढतात, वायरींच्या जाळ्यात अडकतात, पत्र्यावरून खाली पडतात. वायर वर्कचा हार्नेस (नटाला तारेने टांगायचा पट्टा) वापरलाय, पण पडताना मध्ये काहीतरी लागतं आणि वेग तुटतो, त्यामुळे शरीर तरंगल्यासारखं वाटत नाही.

दोष? शेवटचा खलनायक. त्याच्या अंगात सुरी घुसत नाही, म्हणे प्राणशक्ती. तोवर प्रत्येक फटक्याला किंमत होती, ती एकदम शून्य होते. चौघं मिळून त्याला बडवतात आणि आपण घड्याळ बघतो.

झुंबर

दोष मान्य, पण कॉमिकवरून घेतलेल्या कथेत तेवढं चालवून घ्यावं. मला जास्त खटकतात ते संगणकावर बनवलेले विस्तीर्ण शॉट. गल्लीतला सेट ओलसर, तेलकट, आणि वरून घेतलेलं दृश्य धुतल्यासारखं.

नवखा_प्रेक्षक

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक व्यावहारिक प्रश्न: हे सिनेमे ओटीटीवर लावले की इंग्रजी किंवा हिंदी डबिंगच सुरू होतं, आणि चित्रही सासू-सुनेच्या मालिकेसारखं दिसतं. काय बदलायचं?

कात्री

दोन वेगळे बिघाड आहेत.

चित्राचं कारण टीव्ही. तो २४ फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम तयार करून घुसवतो. सोनीवर मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, ते पूर्ण बंद करा. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. २२ फ्रेमवर घेतलेल्या मारामारीवर ही यंत्रणा चालली तर फटके रबरी वाटतात, आणि दोष विनाकारण सिनेमाला लागतो.

आवाजासाठी ऑडिओच्या यादीत जा. हाँगकाँगात घडणारी कथा असेल तर कँटोनीज, म्हणजे तिथली बोली, निवडा. यादीत बरेचदा मँडरिन, म्हणजे मुख्य भूमीची भाषा, वर असतं, घाईत तेच निवडलं जातं. सहनिर्मितीत मुख्य भूमीचे नट मँडरिनमध्ये बोललेले असतात आणि कँटोनीज ट्रॅकवर त्यांना दुसऱ्याचा आवाज असतो, ओठ थोडे चुकतील, ते सोसा. 'ड्रग वॉर' मात्र मँडरिनवरच ठेवा. तिथे हाँगकाँगहून आलेले तस्कर आपसात कँटोनीजमध्ये बोलतात, आणि पूर्ण कँटोनीज ट्रॅक लावला तर कोण कुठला ते कळणार नाही. सबटायटल 'मूळ भाषेवरून' असं असेल ते घ्या. ज्याच्यापुढे 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलंय ते बरेचदा इंग्रजी डबिंगचं असतं, बोलणं एक आणि खाली भलतंच.